दुसरी सर्व्हिस आणि कुमुद मॅडम

कुमुद मॅडमची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी पलंगाखाली होते.

मी सहावीत होते. राळेगावच्या आमच्या शाळेत आदल्या दिवशी चेंडूफेकीची स्पर्धा झाली होती. माझ्या हातून सुटलेला चेंडू आखलेल्या रेघा ओलांडून थेट शिक्षकांच्या गाड्यांपर्यंत गेला आणि एका स्कुटीचा आरसा फुटला. "पीटीच्या नव्या मॅडमची गाडी हाये," असे कोणीतरी ओरडले. मी दप्तर तिथेच टाकले आणि चार किलोमीटरवरचे आमचे गाव पळत गाठले. दुसऱ्या दिवशी पोट दुखते म्हणून शाळा बुडवली. संध्याकाळी तीच स्कुटी, एकाच आरशाची, आमच्या दारात येऊन थांबली.

"स्नेहल इथंच राहते ना?"

"हो मॅडम," आई म्हणाली. आई अंगणवाडी सेविका आहे, पण शाळेतून कोणी आले की तिचा आवाज बारीक होतो. "पोट दुखून राह्यलं तिचं. झोपली हाये."

"पलंगावर का पलंगाखाली?"

मॅडम वाकल्या. त्यांच्या हातात माझे दप्तर होते. "आरशाचं जाऊ दे," त्या म्हणाल्या. "चेंडू कोन्या हातानं फेकलता?"

मी पलंगाखालूनच डावा हात बाहेर काढला.

"डावा. बरं. सोमवारपासून शाळा सुटली की थांबत जाय."

मॅडमच्या साठाव्या वर्षानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादकांनी मला व्यावसायिक टेनिसमधल्या माझ्या सुरुवातीच्या वर्षांबद्दल आणि त्यातल्या मॅडमच्या वाट्याबद्दल लिहायला सांगितले. मी बरेच दिवस टाळले. कारण त्या वर्षांकडे वळून पाहिले की मला पदके आधी दिसत नाहीत, भीती दिसते. मॅडमना तसे सांगितले तर त्या म्हणाल्या, "मंग भीतीचंच लिही. खोटं कायले लिहितं?" आणखी एका गोष्टीबद्दल लिहू का, असेही मी त्यांना विचारले. ती गोष्ट पुढे येईल. त्याचे उत्तर द्यायला त्यांनी दोन दिवस घेतले आणि मग हो म्हणाल्या.

नागपूरला शिकत असताना मॅडम टेनिस खेळल्या होत्या. राळेगावात टेनिसचे मैदान नव्हते. कापसातली सरकी काढायची एक जिनिंग बरीच वर्षे बंद पडलेली होती आणि तिच्या आवारात कापसाच्या गंजी लावायचा सिमेंटचा मोठा ओटा होता. मॅडमनी मालकांची परवानगी काढली, ओटा धुऊन काढला, चुन्याने रेघा मारल्या आणि मधोमध व्हॉलीबॉलची जुनी जाळी खाली ओढून बांधली. ओट्यावर चेंडू सुसाट निघत असे. एका कोपऱ्यात भेग होती, तिथे पडला तर कुठेही उडे. "भेगेतला चेंडू मारता आला तं जगातला कोनताही मारता येते," असे मॅडम म्हणत. आम्ही सुरुवातीला अकरा मुली होतो. दोन वर्षांत चार उरलो.

मी तेरा वर्षांची असताना आमच्या भागात वाघाची दहशत सुरू झाली. शेतात गेलेली माणसे घरी येईनात. बाया कापूस वेचायला घोळक्याने जाऊ लागल्या, माणसे हातात काठ्या आणि डबे घेऊन बांधावर उभी राहू लागली. माझा सराव पहाटे साडेपाचला असे. आईने सायकल कुलूप लावून ठेवून दिली. मॅडमना कळले, तेव्हा त्या रोज राळेगावहून स्कुटीवर मला घ्यायला येऊ लागल्या. गावापासून जिनिंगपर्यंत त्या सतत हॉर्न वाजवत. मी मागे त्यांच्या कमरेला घट्ट धरून बसे आणि दोन्ही बाजूंच्या कपाशीच्या उंच पऱ्हाटीकडे बघायचे नाही म्हणून डोळे मिटून घेई.

एका सकाळी नाल्याच्या वळणावर स्कुटी थांबली. हॉर्नही थांबला. मी डोळे उघडले. पन्नास-साठ पावलांवर, डांबरी रस्त्याच्या मधोमध, तो उभा होता. नुकते उजाडत होते, त्यामुळे रंग नीट दिसत नव्हता. दिसत होती ती त्याची मान, आमच्याकडे वळलेली. मॅडमच्या पाठीतून त्यांच्या काळजाचे ठोके माझ्या गालाला लागत होते. त्या हळूच म्हणाल्या, "हलू नको. बोलू नको." किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. मग तो सावकाश चालत पऱ्हाटीत शिरला. रस्त्याकडेच्या ओळी हलल्या आणि पुन्हा स्थिर झाल्या.

आम्ही जिनिंगवर पोचलो. मॅडम ओट्याच्या पायरीवर बसल्या, त्या वीस मिनिटे उठल्याच नाहीत. बाटलीचे झाकण त्यांना उघडता येईना, ते मी उघडून दिले. मग त्या म्हणाल्या, "उद्यापासून सकाळचं बंद."

विभागीय स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती. मी म्हणाले, "मॅडम, आता तं तो गेला. मले भेव नाही वाटत."

"मले वाटते," त्या म्हणाल्या. "आन् तुलेही वाटाले पाहिजे. ज्या भीतीले दात असते ना, तिचं आयकाव माणसानं. बाकीच्या भीतीसंगं खेळता येते."

सराव जवळपास थांबला. विभागीय स्पर्धेत मी पहिल्याच फेरीत हरले. मॅडमनी मुलीला घाबरवून घरी बसवले, असे गावात आणि शाळेतही बोलले गेले. मॅडमनी निर्णय बदलला नाही. त्या शहाणपणाची किंमत मला फार उशिरा कळली, म्हणून ते इथे मुद्दाम नोंदवते.

सोळाव्या वर्षी मी पुण्याला शिकायला आणि खेळायला गेले. मला सोडायला मॅडम स्वतः आल्या होत्या. बाबा एसटीत कंडक्टर, त्यांना सुटी मिळाली नव्हती. अठराव्या वर्षी मी पहिली व्यावसायिक स्पर्धा खेळले. लोकांना वाटते व्यावसायिक म्हणजे टीव्हीवर दिसणारे टेनिस. आमचे टेनिस म्हणजे अनोळखी शहर, दुपारचे ऊन, पाच-सात प्रेक्षक आणि मुख्य फेरीत जाण्यासाठी आधी खेळायची पात्रता फेरी. तरी वर्षाभरात मी मुख्य फेरीतला एक सामना जिंकले आणि क्रमवारीच्या अगदी तळाशी माझे नाव लागले. मॅडमनी त्या पानाची प्रिंट काढून शाळेच्या फळ्यावर डकवली. माझे नाव सापडायला मुलांना बराच वेळ लागला म्हणे.

आणि मग माझा हात बिघडला.

टेनिसमध्ये सर्व्हिसला दोन संधी मिळतात. पहिली चुकली तर दुसरी. दुसरीही चुकली तर गुण समोरच्याला. एका सामन्यात अगदी मोक्याच्या क्षणी माझी दुसरी सर्व्हिस जाळीत गेली. असे सगळ्यांचेच होते. पण पुढच्या सामन्यात सर्व्हिससाठी चेंडू वर टाकताना माझा उजवा हात थरथरला; मी डावखुरी, चेंडू उजव्याने टाकते. चेंडू बोटांना चिकटल्यासारखा झाला आणि भलतीकडेच गेला. त्यानंतर दर सामन्यात तेच होऊ लागले. डॉक्टरांना हातात काही सापडले नाही. मी जेवताना पाण्याचा पेला धरला की हाताकडे बघू लागले. पंचांचा "फॉल्ट" हा शब्द मला कोणी न बोलताही ऐकू येई. मॅडमचा फोन आला की मी "चांगलं चालू हाये" म्हणून सांगे. घरी बसून एखाद्या नोकरीचा अर्ज भरावा, असेही मनात येऊन गेले.

सोलापूरच्या स्पर्धेत मी कोर्टवर उतरले तेव्हा कडुनिंबाखालच्या खुर्चीत मॅडम बसलेल्या दिसल्या. त्यांनी मला कळवले नव्हते. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना काहीच महिने झाले होते. राळेगावहून एसटी बदलत बदलत त्या एकट्या आल्या होत्या. त्या सामन्यात मी एकाच गेममध्ये सलग चार वेळा दोन्ही सर्व्हिस चुकवल्या. समोरच्या मुलीला रॅकेट हलवावीही लागली नाही. सामना संपला तेव्हा मी मॅडमकडे बघू शकले नाही. त्या जवळ आल्या, माझी बॅग उचलली आणि म्हणाल्या, "चाल. घरी जाऊ."

जिनिंगच्या ओट्यावर मॅडमनी मला फक्त चेंडू वर टाकायला लावले. मारायचा नाही, टाकायचा आणि पडू द्यायचा. तिसऱ्या दिवशी माझा तोल गेला. मी चेंडू भिंतीवर भिरकावला आणि ओरडले, "तुम्हाले काय समजते मॅडम! कधी असं भेव वाटलं का तुम्हाले? रोज सकाळी उठलं की पयले तेच?"

मॅडम पालथ्या घातलेल्या बादलीवर बसल्या होत्या. मग पर्स उघडून त्यांनी बारीक घड्या घातलेला एक कागद माझ्याकडे दिला. यवतमाळच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. स्तनात गाठ आहे, ताबडतोब नागपूरला तपासणी करून घ्यावी, असे लिहिले होते. वरची तारीख चार महिन्यांपूर्वीची होती.

"कोनाले सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "अमरावतीच्या भावालेही नाही. रोज काढून पाहतो आन् परत ठेवून देतो."

"चार महिने! काहून गेल्या नाही तुम्ही?"

"गेलं की खरं होते ना."

ज्यांच्या पाठीला चिकटून मी वाघासमोर बसले होते, त्या मॅडम मला त्या क्षणी लहान दिसल्या. आपल्या आयुष्यात मॅडम नसतील, असा विचार मी कधी केलाच नव्हता. मला राग आला, खूप राग आला, आणि त्या रागानेच मला बोलता आले. "दात असलेल्या भीतीचं आयकाव, असं तुम्हीच म्हणाले होते ना? मंग? उद्या सकाळी निघायचं. बाबाले सांगून जागा ठेवते."

"ओट्यावरच्या पोरींचं शिबिर झालं की जाऊ."

"उद्या," मी म्हणाले. मॅडमना मी कधी त्या सुरात बोलले नव्हते. त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली आणि मान हलवली.

कॅन्सर होता. शस्त्रक्रियेच्या दिवशी आत नेण्यापूर्वी मॅडमनी माझे मनगट धरले. त्यांची नखे रुतली. "स्नेहल, मले लय भेव वाटून राह्यलं," त्या म्हणाल्या. दार बंद झाल्यावर मी आणि त्यांचे भाऊ बाकावर बसून राहिलो. आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नव्हते, आणि गंमत अशी की त्या चार तासांत मला सर्व्हिसची एकदाही आठवण झाली नाही.

त्यानंतर औषधोपचारासाठी दर तीन आठवड्यांनी नागपूर. त्या काळातल्या सगळ्या स्पर्धा मी सोडल्या. मॅडमना ते मुळीच आवडले नाही. एका फेरीला, हाताला सलाईन लावलेले असताना, त्यांनी उशाच्या पिशवीतले मोसंबे माझ्याकडे दिले. "टाक वर."

"इथं?"

"मंग कुठं? टाक."

मी टाकले. हात थरथरला, मोसंबे वाकडे गेले.

"पकड. आता परत टाक. चेंडू वाकडा गेला तं मारतंच कायले तू? पकडाव, परत टाकाव. नियमात बसते ते."

"लोक हासतीन मॅडम."

"हासू दे. पकडला म्हनून पॉइंट जाते का?"

नर्सबाई रागावेपर्यंत मी मोसंबे टाकत आणि पकडत राहिले. त्या दिवसांत मॅडमचे केस गेले होते, तोंडाला चव नव्हती, जिना चढताना दोनदा थांबावे लागे. पण मला शिकवताना त्यांचा आवाज पूर्वीसारखाच चढे. शेजारच्या खाटेवरच्या पांढरकवड्याच्या एक बाई आमच्याकडे बघत असत. एकदा त्यांनी मॅडमना विचारले, "ताई, तुम्हाले भेव नाही वाटत का?" मॅडम म्हणाल्या, "वाटते ना. म्हनून तं इथं आली."

उपचार संपता संपता मी पुण्यातल्या एका स्पर्धेत पात्रता फेरी खेळले. हात थरथरतच होता. मी चेंडू वर टाकला, पकडला, पुन्हा टाकला, पुन्हा पकडला. दोघे-तिघे हसले. समोरच्या मुलीने पंचांकडे हात केले. पंचांनी वेळेची आठवण करून दिली, बाकी काही नाही. तिसऱ्या सेटमध्ये सामन्याचा शेवटचा गुण माझ्या दुसऱ्या सर्व्हिसवर आला. चेंडू मी दोनदा पकडला. तिसऱ्यांदा मारला. तो आत पडला आणि परत आला नाही.

मी मॅडमना फोन केला. जिंकले म्हणायच्या आधी त्यांनीच विचारले, "कितीदा पकडला?"

"मोजलं नाही, मॅडम."

"चांगलं केलं," त्या म्हणाल्या.

आज क्रमवारीत मी पहिल्यापेक्षा वर आहे, पण फार वर नाही. माझी भीती गेलेली नाही, मॅडमचीही नाही. दर सहा महिन्यांनी त्यांची तपासणी असते आणि आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट चांगले आले आहेत. दर रिपोर्टच्या आदल्या दिवशी मॅडम कोणाशी बोलत नाहीत, ओटा झाडत बसतात. आजाराबद्दल लिहायची परवानगी देताना त्या म्हणाल्या, "लिही. चिठ्ठी पर्समध्ये ठेवून फिरनाऱ्या लय बाया असतीन आपल्याकडं. एखादी वाचीन."

अशा लेखाच्या शेवटी शंभर वर्षांचे आयुष्य मागण्याची रीत आहे. तसे लिहू का, असे मी मॅडमना विचारले. त्या म्हणाल्या, "शंभर म्हटलं की मले भेव वाटते वं. सहा महिने माग."

पुढची तपासणी येत्या महिन्यात आहे. तो आठवडा मी मोकळा ठेवला आहे, कुठल्याही स्पर्धेत नाव दिलेले नाही. आम्ही दोघी सकाळच्या गाडीने जाऊ. आदरणीय कुमुद मॅडमना निरोगी, वेदनारहित, ओट्यावर मुलींवर ओरडण्याइतक्या ताकदीचे सहा महिने मिळोत, एवढेच आज मागते. त्यापुढचे सहा महिने तेव्हा मागेन.