डाव्या हातातली कळ

पडदा वर जातो तेव्हा समोर एक शिंप्याचं दुकान आहे. चार पावलं रुंद, सहा पावलं लांब. डाव्या भिंतीला शिलाई मशीन, उजवीकडे कापड बेतायचं उंच टेबल, वर खिळ्याला टांगलेली एक भलीमोठी कात्री. मागे दिव्याखाली मान घालून शिंपी मास्तरांच्या बायको, मास्तरीणबाई, काज करत बसल्या आहेत. आणि मधोमध स्टुलावर मी उभा, शेजारी टाचण्या घेऊन मास्तर. अंगात अर्धा कोट, एकच बाही, पाठीवर खडूच्या रेघा. रंगभूमी सोडून मला बारा वर्षं झाली होती, पण जुन्या कलावंतांचा सत्कार ठरला होता आणि कोट मला मास्तरांच्याच हातचा हवा होता. शुक्रवार, दुपारचे बारा.

आमच्या नाटक मंडळीचे सगळे राजे आणि सगळे भिकारी मास्तरांनीच शिवले. गडी डावखुरा. कात्रीसुद्धा लोहाराकडून डाव्या हाताची घडवून घेतलेली; दुसऱ्या कुणी धरली तर ती कापड सोडून त्याचाच अंगठा चावायची. कामाची पद्धत ठरलेली. सोमवार-मंगळवार बेतायचं आणि कापायचं, अख्ख्या आठवड्याचं. बुधवारपासून कात्री खिळ्याला आणि मास्तर मशीनवर. माप देताना गिऱ्हाइकानं पोट आत ओढलं की म्हणायचे, "श्वास सोडा. पोट ओढून शिवलेला कोट जेवल्यावर दगा देतो."

त्या दुपारी मी चांगलं पोट ओढून उभा होतो आणि मास्तर गप्प.

"रागावलात का मास्तर?"

"नाही हो राजे." मला ते अजूनही राजेच म्हणत. "हात जरा भरून आलाय."

त्यांनी डावा दंड चोळला. डोक्यावर पंखा गरगरत होता आणि कपाळावरून घामाच्या धारा.

"सकाळी समोरच्या गाडीवरचं तळलेलं खाल्लं. पित्त झालंय," ते म्हणाले आणि पुरावा म्हणून एक ढेकर दिला.

"दोन दिवस हेच चाललंय भाऊजी," मागून मास्तरीणबाई म्हणाल्या. "जिन्यात मध्येच थांबतात. दवाखान्यात चला म्हटलं, तर म्हणतात कात्रीचा हात आहे, दुखणारच."

"तीस वर्षं दुखतोय. नवीन काय त्यात?"

"आणि रक्तदाबाची गोळी?" मी विचारलं.

"संपली."

"कधी?"

"गेल्या वर्षी." मास्तर टाचणी शोधू लागले. "त्रासच नव्हता, तर गोळी कशाला? आणि हार्टबिर्ट असतं ते बंगलेवाल्यांचं. आपण कष्टाची माणसं. आपल्याला फार तर पित्त."

कष्ट खरे होते. पण गेली काही वर्षं ते सगळे बसून होते. पूर्वी मशीन पायानं चालायचं, आता त्याला मोटर बसली. पूर्वी मास्तर कापड बघायला बाजारभर पायी हिंडायचे, आता फोन केला की दारात येतं. बारा-बारा तास तीच खुर्ची, तासातासाला गोड चहा, आणि विडी "सोडल्यासारखीच".

मीही शहाणा ठरलो नाही. रंगमंचावर मी शेकडो वेळा छातीच्या दुखण्यानं मेलोय. छाती धरायची, तीन पावलं मागे, एक लांबलचक वाक्य, मग धाडकन आडवं. टाळ्या. खरं दुखणं असंच दिसतं, असं मी उगाच धरून चाललो होतो. समोरचा माणूस तर नुसता घाम पुसत होता. म्हणून मी म्हणालो, "थोडं सोडा-पाणी घ्या."

तेव्हा मास्तर सुईत दोरा ओवायला गेले. एकदा चुकले. दुसऱ्यांदा चुकले. तिसऱ्यांदा सुई खाली पडली आणि ते हळूच खुर्चीत बसले. ओठ पांढरे पडले होते.

मास्तरीणबाई उठल्या. नवऱ्याकडे बघितलं, मग खिळ्याकडे.

"अहो, आज वार कुठला?"

"शुक्रवार."

"कात्री शेवटची कधी धरलीत?"

"मंगळवारी."

"मग हात आज का दुखतोय?"

मास्तरांनीही कात्रीकडे पाहिलं. त्या माणसाच्या डोळ्यांत भीती मी प्रथमच बघितली.

"राजांची बाही तेवढी लावतो आणि..."

"बाही गेली खड्ड्यात! उठा."

गाडी मिळाली, पण चौकात अडकली. पुढे ट्रक, मागे बस, भोंग्यांचा कल्लोळ. मास्तरांचा श्वास आखूड होत चालला होता.

"इस्त्री बंद केलीस?" त्यांनी विचारलं.

"केली. बोलू नका."

"शटर?"

"अहो, बोलू नका म्हणते ना!"

मी एका बाहीचा कोट घालून रस्त्यात उतरलो आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा जुना आवाज लावला, "बाजूला व्हा! माणूस मरतोय!" ट्रकवाला दचकून फुटपाथवर चढला.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी छातीवर वायरी लावल्या, कागदावरच्या रेघा बघितल्या आणि नर्सला भराभर सूचना दिल्या. गोळ्या चघळायला देता देता त्यांनी विचारलं, "वजन वाढलंय का?"

"छे," मास्तर कण्हत म्हणाले. "सात वर्षं हीच पँट घालतोय."

मास्तरीणबाईंनी त्या पँटची कंबर उलटी केली. आत जुन्या शिवणीच्या खुणा होत्या. एकापुढे एक, चार.

"चारदा उसवून मोठी केली यांनी," त्या म्हणाल्या. "मलासुद्धा कळू दिलं नाही."

मास्तरांनी डोळे मिटले. त्यांना आत नेलं, दार बंद झालं.

बाहेरच्या बाकावर दीड तास. माझ्या कोटात टाचण्या तशाच होत्या. मास्तरीणबाई त्या एकेक काढून पदराला टोचत राहिल्या. शेवटची टाचणी निघाली, तरी त्या पाठीवरून हात फिरवून आणखी शोधत होत्या.

दार उघडलं. "हृदयाची बंद झालेली नळी उघडलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणखी तासभर थांबला असतात तर मी काही सांगू शकले नसते." मी बंगलेवाल्यांची गोष्ट सांगितली, तर त्या थकल्यासारख्या हसल्या. "आत एक चक्कर मारा. ड्रायव्हर आहे, गवंडी आहे, भाजीवाल्या बाई आहेत. बंगलेवाला शोधून दाखवा."

पाचव्या दिवशी मी भेटायला गेलो. मास्तर उशीला टेकून बसले होते, गालफडं बसलेली. नर्सला तक्त्यावर कमरेचं माप लिहायचं होतं आणि तिची टेप सापडत नव्हती. मास्तरीणबाईंनी पिशवीतून दुकानातली काढली आणि नवऱ्याच्या कमरेभोवती गुंडाळली. मास्तरांनी सवयीनं पोट आत ओढलं.

"श्वास सोडा," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, मग बायकोकडे. त्यांनी सावकाश श्वास सोडला, पोट पुढे आलं तसं येऊ दिलं आणि म्हणाले, "धर नीट. बेचाळीस भरली तर बेचाळीसच सांग नर्सला."