तिच्या चटणीचं गाणं

रोज सकाळी सात वाजता मी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक गाणं टाकतो. नुसतं टाकून गप्प बसत नाही. खाली चार ओळी लिहितो: मी आज हे का ऐकतोय, यातली कुठली जागा कान देऊन ऐका, आणि हे न ऐकता तुम्ही इतकी वर्षं कशी काढलीत. ग्रुपमध्ये नात्यातली, शेजारची आणि कचेरीतली जुनी मंडळी मिळून पंचवीसेक माणसं आहेत. बहुतेक जण जोडलेले हात पाठवून मोकळे होतात. माझा मेहुणा तर वीस मिनिटांच्या गाण्याला पहिल्या मिनिटातच ‘वा’ म्हणतो, हे मी वेळ बघून पकडलंय. तरी मी नेटानं टाकतो. आयुष्यभर सरकारी कचेरीत कालव्यांचे नकाशे काढले. निवृत्त झाल्यावर लोकांचे कान तयार करायचं काम आपणहून अंगावर घेतलं.

बायकोला गाण्यातलं काही कळत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. ती मुरगूडच्या पलीकडची, कर्नाटकाच्या हद्दीला चिकटलेल्या खेड्यातली. कपाळावर विभूती दोन्ही घरांत, पण तिच्याकडे आईला अव्वा, थोरल्या बहिणीला अक्का आणि सगळं बोलणं कानडीतून. लग्न होऊन ती कोल्हापुरात मंगळवार पेठेत आली तेव्हा घरात टेप माझा, कॅसेटी माझ्या आणि कुठली कधी लावायची हा अधिकारही माझाच. पाहुण्यांना मी राग समजावून सांगत असे, तेव्हा ती पोहे आणून ठेवायची आणि आत निघून जायची. पस्तीस वर्षांत ‘तुला काय ऐकायला आवडतं?’ हे मी तिला एकदाही विचारलं नाही. त्यात वाईट हेतू काही नव्हता, मला ते सुचलंच नाही. वाईट हेतू असता तर निदान काहीतरी विचार केला होता असं म्हणता आलं असतं.

या मार्चमध्ये तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आलं. भाजी जमली, भाकरीचा नाद सोडून विकत आणायला लागलो, भांडी मात्र नियमानं घासली. एप्रिल उजाडला तसा चटणीचा प्रश्न उभा राहिला. कोल्हापुरात उन्हाळ्यात वर्षाची कांदालसूण चटणी झाली नाही, तर घरात काहीतरी मोठं बिघडलंय असं शेजारी समजतात. तेव्हा बायको बाहेरच्या सोप्यात खुर्चीवर बसली आणि मी तिच्या हुकमाखाली मिरच्यांची देठं खुडली, धणे भाजले, तीळ भाजले, खोबरं करपवलं आणि पुन्हा नवीन भाजलं. मिरचीचा हात डोळ्याला लावू नका, असं तिनं तीनदा बजावलं. चौथ्यांदा बजावायच्या आत मी लावला होता.

मग डबे रिक्षात घालून मी कांडपावर गेलो. आमच्या भागात त्याला डंक म्हणतात. एका लांबट खोलीत जमिनीत लोखंडी खळगे आणि त्यांत विजेवर खालीवर होणारी मुसळं, एक वर गेलं की दुसरं खाली. आत ठसका इतका, की मालकीणबाईंच्या तोंडाला ओला रुमाल कायमचा बांधलेला. बाया आपापले डबे रांगेत लावून बाहेर कडुनिंबाच्या सावलीत बसलेल्या. त्यांच्यात पुरुष मी एकटाच.

या डंकाची एक रीत आहे, ती मला तिथं गेल्यावर समजली. ज्याची चटणी मुसळाखाली जाते, त्याचं गाणं भिंतीवरच्या स्पीकरवर लागतं. ही हौस नव्हे, सोय आहे. मुसळांच्या धडधडीत हाका मारून कुणाला ऐकू येत नाही. बाया मधल्या वेळात भाजीला जातात, शेजारी टेकतात, आणि आपलं गाणं कानावर पडलं की धावत येतात, कारण कांदालसूण कधी आणि किती घालायचा हे स्वतः उभं राहून सांगायचं असतं. प्रत्येकीचं गाणं ठरलेलं. मालकीणबाईंच्या मोबाइलमध्ये सगळी साठवलेली.

माझा नंबर आला. “काका, कुठलं लावू?” त्यांनी विचारलं.

मी इतका खूश झालो की विचारू नका. माझ्या मोबाइलवरून त्यांना एक विलंबित ख्याल पाठवला आणि बाहेरच्या बायांना दोन शब्द सांगितले, की सुरुवातीचा आलाप शांतपणे ऐका, घाई करू नका. शांतपणे! आत दोन मुसळं दणादण आपटत होती. गवयाचा षड्ज त्यात कुठं बुडाला ते मलाही कळलं नाही. पाच मिनिटं गेली. सावलीतली एक म्हातारी कानामागं हात धरून ऐकत होती, ती शेवटी म्हणाली, “पावणं, गानं सुरू हुणार हाय का न्हाय? का नुसता घसाच साफ करतोय त्यो?”

अख्खी सावली हसली. मला राग आला, पण आलापाची बाजू घेऊन त्या मुसळांशी भांडणार कोण? तेवढ्यात मालकीणबाई दारात आल्या. “काका, डबं काकूंचं हाईत न्हवं? काकूंचंच लावतो की. बाहेरच्यांचा घोटाळा व्हायला लागलाय. काकूंची चटणी म्हणून कुणी वळखंना.”

“काकूंचं? कुठलं?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी स्वतःच्या घराचा पत्ता विचारला. “तुमास्नी म्हाईत न्हाय व्हय? लई वरसं झाली, त्येच तर लावतो. आदी कॅसेट हुती, काकूंनीच आणून दिल्याली.”

आणि ते लागलं. एक बाई कानडीत गात होती. आवाज जत्रेतला, उघडा, घासलेला. पेटी थोडी बेसूर. मला कानडी जेवलात का विचारण्यापुरतं येतं, त्यामुळे शब्द कळले नाहीत. पण दुसऱ्याच ओळीला माझा पाय हलायला लागला. मुसळ पडत होतं तिथंच गाण्याची सम पडत होती. एक मुसळ समेवर, दुसरं बरोबर अर्ध्यावर. इतका वेळ जो नुसता दणदणाट होता, तो आता त्या बाईची साथ करत होता. सावलीतल्या दोघी ‘आली काकूंची चटणी’ म्हणत उठल्या आणि कांदालसूण घालायला मला मदत करू लागल्या. मी तालावर लोकांना व्याख्यानं देणारा माणूस. माझ्या घरात माझ्यापेक्षा तयार कान होता आणि तो पस्तीस वर्षं स्वयंपाकघरात बसून होता. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर फार आनंदही झाला. दोन्ही एकदमच झालं, वर मिरचीचा ठसका, त्यामुळे डोळ्यांतलं पाणी कशाचं हे कुणी विचारलं नाही.

घरी आलो. तिनं आधी चिमूटभर चटणी जिभेवर ठेवून बघितली. “मीठ बरं पडलंय,” म्हणाली. आमच्या घरात ही फार मोठी पावती आहे.

मी म्हणालो, “तुझं गाणं ऐकलं.”

ती हसली. “लावलं व्हय तिनं?”

मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसलो आणि विचारलं, की हेच गाणं का? तिनं सांगितलं. माहेरी घरामागच्या परड्यात उखळ होतं. अव्वा आणि अक्का समोरासमोर उभ्या राहून त्यात कुटायच्या, एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली. दोन्ही एकदम पडली तर हात सडकून निघायचा, म्हणून ते गाणं. ती लहान होती, तिला मुसळ मिळायचं नाही. तिनं बाजूला बसून म्हणायचं आणि त्या दोघींनी तिच्या म्हणण्यावर कुटायचं. लग्नानंतर माहेरच्या जत्रेत त्याची कॅसेट दिसली, ती तिनं घेतली, मसाल्याच्या डब्यामागं ठेवली आणि पुढं डंकावर नेऊन दिली.

“तुमची गाणी चांगली असत्यात,” ती म्हणाली. “पर त्येच्यावर कुटता येत न्हाय.”

“मग इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस?”

“तुमी कवा इचारलासा?”

 मी नेहमीसारखा घाईनं पुढं सरकलो. म्हणालो, उद्या सकाळी ग्रुपवर हेच टाकतो, खाली असं झकास लिहितो की बघतच राहशील.

“कुठनं बघू?” ती म्हणाली. “मी हाय कुठं त्या ग्रुपात?”

मी मोबाइल काढून बघितला. पंचवीसेक माणसं होती. तिचा भाऊ होता, भावजय होती, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला होता. ती नव्हती. ती घरातच असते, ऐकू येतंच की तिला, असं मी गृहीत धरलं असणार. तिथंच बसून तिला ग्रुपमध्ये घेतलं. तिनं आपला मोबाइल उलटसुलट करून बघितला आणि उशीशी ठेवला.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी काहीही टाकलं नाही. सवय मोडणं किती अवघड, हात नुसते शिवशिवत होते. ते तिचं गाणं होतं, टाकायचं तर तिनं टाकावं. आणि तिनं काहीच टाकलं नाही तर? पस्तीस वर्षं उशिरा विचारलेल्या माणसाला उत्तर द्यायला ती बांधील नव्हती, हे मला कळत होतं आणि त्याची भीतीही वाटत होती. साडेसात झाले, आठ झाले. मी उठून मोरीत भांडी घासायला बसलो. नवाच्या सुमाराला मोबाइल वाजला. हात पुसून बघितलं. ग्रुपवर तिचाच निरोप होता, सोबत आवाजाची एक फीत.

कानडी गाणं असणार म्हणून लावलं. आधी नळाचं पाणी. मग कढई आपटल्याचा आवाज, चमचे पडल्याचा आवाज, आणि या सगळ्यात कुणीतरी पुरुष भसाड्या आवाजात गुणगुणतोय. तो मी होतो. ते नुकतंच, भिंतीपलीकडून टिपलेलं होतं. खाली तिनं माझ्यासारख्याच ओळी लिहिल्या होत्या, पण दोनच: ‘महिना झाला रोज हे ऐकतेय. लग्न झाल्यापासून घरातल्या भांड्यांचा आवाज दुसऱ्या खोलीत बसून पहिल्यांदाच ऐकला, लई बरं वाटतं.’

मी मोरीशी उभा राहून ते पुन्हा लावलं. मेहुण्याचं ‘वा’ अजून आलं नव्हतं, म्हणजे तो पहिल्यांदाच पूर्ण ऐकत असावा. तेवढ्यात आतून तिची हाक आली.

“अवो, थांबलासा का? चालू ठेवा की!”