हळदीकुंकू, बिनवासाचं

आता सांगतेच तुम्हाला, पण मध्ये हसायचं नाही. चूक माझीच होती, पण माझं चिडणं काही उगाच नव्हतं!

मला मास्ट सेलचा आजार आहे. म्हणजे ज्या पेशींनी खऱ्या धोक्याला बोंब मारायची, त्या माझ्या अंगात अगरबत्तीलाही बोंब मारतात. चेहरा लालबुंद, अंगभर खाज, घसा खरखर. डॉक्टर म्हणाले, गोळ्या वेळेवर घ्या, उग्र वासांपासून लांब राहा. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये लांब राहायचं कुठे? जिन्यात एकीकडून फोडणी, दुसरीकडून रूम फ्रेशनर! वर शेजारणी म्हणणार, "अरे यार, मनाचे खेळ असतात." मनाचे? मग तोंड टोमॅटोसारखं होतं ते काय हौसेनं?

तर समोरच्या सुलभाताईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. आजार झाल्यापासून मी कुठे गेलेच नव्हते. यंदा आधीच बजावलं, "ताई, अत्तर नको हं."

"बिल्कुल नाही. तुम्ही या तर!"

गेले. सोफ्यावर टेकते न टेकते तोच मान खाजायला लागली, गाल तापले. आणि ताई गुलाबदाणी घेऊन समोर हजर!

माझं डोकंच फिरलं. "वा! सांगूनसुद्धा? माझा आजार म्हणजे गंमत वाटते का तुम्हाला? जीव जातो इथे माझा!"

ताईंचा चेहरा उतरला.

"वहिनी, साधं पाणी आहे हो यात. आणि सगळ्यांना फोन केलेत मी. सेंट नको, गजरा नको. कुणी पावडरसुद्धा लावलेली नाही."

"मग मला त्रास कशाचा होतोय?"

ताईंची सून नाकाला पदर लावून हळूच म्हणाली, "काकू, डांबरगोळ्यांचा वास येतोय. तुमच्या पैठणीला."

अहो, वर्षभर ट्रंकेत ठेवलेली पैठणी मी ऐनवेळी काढली आणि तशीच नेसले! सर्दीनं नाक बंद, मला वास येणार कुठून? मेल्याहून मेल्यासारखं झालं. निघायला उठले, तर ताईंनी हात धरला. "इतक्या दिवसांनी आलात, जाऊ देते होय!"

गोळी घेतली, ताईंचा फुलाफुलांचा गाऊन चढवला आणि खिडकीशी बसले. हळूहळू बरं वाटायला लागलं.

तेवढ्यात फरीदाबादहून एक बाई उशिरा आल्या. मला ओळखत नव्हत्या. शेजारी टेकून कुजबुजल्या, "अहो, ती नाजूक नाकाची बाई कोण हो? जिच्यापायी आम्हाला गजरासुद्धा बंद!"

मी गाऊनवर शाल ओढून घेतली. म्हटलं, "कोण जाणे! आली नाही वाटतं अजून."