कानाला लागलेला हात

"हात डोक्यावरून घे. कान धर."

रिमांड होमच्या फाटकातून आत आलेल्या प्रत्येक पोराला मास्तर पहिलं वाक्य हेच ऐकवत. नाव नंतर, गुन्हा त्याच्याही नंतर. पोलीस शिपाई सहीसाठी ताटकळत उभा आणि इकडे चोरीत सापडलेला पोरगा उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरून उभा. मास्तर क्षणभर बघायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "बस. सोड आता."

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लहानपणी हे केलं असेल. जन्माचा दाखला तेव्हा कुणाकडे असायचा? हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला की पोर सहा वर्षांचं झालं असं धरून गुरुजी पहिलीत नाव घालायचे. पण तेरा-चौदा वर्षांच्या धटिंगणाचा हात कानाला लागणार नाही तर काय! मी नागपूरच्या त्या निरीक्षणगृहात देखरेख अधिकारी म्हणून नवा लागलो होतो. मला वाटलं, म्हाताऱ्याला चळ लागलाय.

"तसं नाही गा," मास्तर म्हणाले. "जो पटकन धरते, तो शाळेत जाऊन आला. जो गोंधळते, त्यानं शाळा पाहिलीच नाही. सरळ इचारलं तं दोघंही खोटं सांगतात."

शाळेत गेलेला असला, की त्याच्या गावच्या शाळेला पत्र टाकून वयाचा दाखला मागवायचा, ही आमची रीत. वयावर सगळंच अवलंबून होतं. सोळा पुरी झालेल्याला आमच्याकडे जागा नव्हती. त्याचा खटला मोठ्या कोर्टात चालायचा आणि तोवर तो मोठ्या जेलमध्ये, मोठ्या माणसांत राहायचा.

मास्तर माझ्याच हुद्द्यावर होते, पण वयानं वीस वर्षांनी मोठे. महाल भागातून सायकलवर यायचे, विजारीला क्लिप लावलेली, हॅंडलला डबा. आधी कुठल्याशा खेड्यात शिक्षक होते म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणत. दिवसातून तीनदा गिनती व्हायची. आम्ही बाकीचे डोकी मोजायचो, मास्तर नावं घ्यायचे. साधू मात्र नव्हते. चिडले की कानाखाली वाजवायचे आणि दुपारी त्याच पोराच्या हातावर आपल्या डब्यातला झुणका ठेवायचे. पोरांच्या खरजेला गंधकाचं मलम स्वतः चोळायचे, शिव्या देत.

एकदा काटोलकडच्या एका खेड्यातला सुखदेव नावाचा पोरगा आला. थोराड हाडाचा, पण चेहरा कोवळा. थोरल्या पोरांनी संत्र्याच्या व्यापाऱ्याचं गोदाम फोडलं आणि हा बाहेर राखण करत उभा होता. थोरले पळाले, हा सापडला. मास्तर त्या आठवड्यात मुलीच्या सोयरिकीसाठी रजेवर होते. त्यांच्या जागी मीच त्याला कान धरायला लावला. त्यानं पटकन धरला. मी मोठ्या हुशारीनं शाळेला पत्र टाकलं.

दाखला आला तेव्हा मास्तर रजेवरून परतले होते. त्यात सुखदेवला सोळा पुरी होऊन महिना झालेला. मास्तरांनी गावाचं नाव वाचलं आणि कागद हातातच धरून बसले.

"हा कोणं मागवला?"

"मीच. नेहमीसारखं पत्र टाकलं."

"मले काहून नाही इचारलं?"

मग त्यांनी मला बाहेर कडुनिंबाखाली नेलं. "त्या गावात मी तीन वर्षं मास्तर होतो. एक खोली अन् एक मास्तर. पटावर पोरं कमी. तपासणीचा साहेब म्हणे, पोरं वाढवा नाही तं शाळा बंद करतो. मंग मी चार-चार वर्षांची पोरं घरातून उचलून आणली. हात कानाले पोचेना. मीच ओढून लावला अन् लिहिलं, सहा. सगळ्यांची जुलैची पहिली तारीख."

"सुखदेवचाही हात?"

"त्याचाही. लय रडला होता. त्याच्या मायनं गुळाचा खडा देऊन बसवला होता त्याले." मास्तरांनी दाखला घडी करून माझ्या हातात दिला. "पोरगा चौदाचा हाये गा. उद्या कोर्टात सांगतो मी."

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून आले. मॅजिस्ट्रेटनी दाखला वाचला. सुखदेव म्हणाला, "साहेब, मी चौदाचा हावो. माय सांगते." साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, पण त्यांच्यापुढे शाळेचा शिक्का होता. त्यांनी आमच्याकडे बघून विचारलं, "संस्थेला वयाबद्दल काही सांगायचं आहे?"

मास्तर उभे राहिले. सदऱ्याचं वरचं बटण चाचपत राहिले. मग म्हणाले, "नाही, साहेब."

मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. मला सगळं ठाऊक होतं. नोकरी कच्ची होती, आणि हे सांगायचं तर मास्तरांनीच सांगावं अशी मी स्वतःची समजूत घातली. मीही उठलो नाही. सुखदेवला तिथूनच मोठ्या जेलमध्ये नेलं.

परतताना सायकली हातात धरून आम्ही पायीच चाललो. "पोरीचं लग्न ठरून राहिलं गा," मास्तर म्हणाले. "खोटं लिहिलं म्हणून बाप नोकरीतून गेला, असं झालं तं तिले कोण करून घेईल?" मला त्यांचा भयंकर राग आला होता. त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं, हे कळत होतं म्हणून जास्तच.

त्यानंतर मास्तरांनी कुणाला कान धरायला सांगितलं नाही. नवा पोरगा आला की नाव लिहायचे आणि आत पाठवायचे. पोरंही चकित. जुनी पोरं नव्याला सांगून ठेवायची की आता हात वर करावा लागेल, आणि तो बिचारा वाट बघत राहायचा. रविवारी मास्तर जेलच्या दारात भेटीसाठी उभे राहत. एकदा भेट मिळाली. सोमवारी मला एवढंच म्हणाले, "लय वाळला. माह्याशी काही बोलला नाही. जेलचा शिपाई म्हणे, शेजारच्या कैद्याचं अंग चोळून देते." त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

अडीच महिन्यांनी मुलीचं लग्न झालं. मी गेलो होतो. मास्तर पंगतीत बसलेच नाहीत, बुंदीची बादली घेऊन शेवटपर्यंत वाढत राहिले. मुलगी शनिवारी सासरी गेली आणि सोमवारी मास्तर कोर्टात गेले. आपण शिक्षक असताना वय खोटं लिहिलं, असं त्यांनी लिहून दिलं. एक प्रत स्वतःच आपल्या खात्याला पाठवली.

निलंबनाचा हुकूम यायला फार दिवस लागले नाहीत. मास्तरांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे दिला आणि मलमाची डबीही दिली. "खरूज झालेल्या पोराले वेगळं झोपवजो," म्हणाले. विजारीला क्लिप लावली आणि गेले. पुढे चौकशी लांबतच गेली. ते त्या फाटकातून पुन्हा आत आले नाहीत.

अडीच महिने ते थांबले, हे मी त्यांना कधी माफ करू शकलो नाही. पण मी तर एक दिवसही बोललो नव्हतो.

कोर्टानं सुखदेवच्या हाडांचा एक्स-रे काढायला लावला. डॉक्टरांनी वय चौदा ते पंधरा लिहिलं. तो परत आला तेव्हा जेलमध्ये त्याचे साडेचार महिने गेले होते. फाटकाशी मीच होतो. शिपायानं कागद पुढे केले. पोरगा उंच झाला होता. गालावर एक नवा व्रण होता आणि कुणी जवळून गेलं की तो खांदा आक्रसून घ्यायचा.

"मास्तर कुठी हायेत?" त्यानं विचारलं.

"नाहीत," मी म्हणालो.

तो थोडा थांबला. मग कुणी न सांगता त्यानं उजवा हात डोक्यावरून नेला आणि डावा कान धरून उभा राहिला. मी रजिस्टरमध्ये त्याचं नाव लिहिलं, वयाच्या रकान्यात चौदा लिहिलं, शिपायाला सही दिली. शिपाई निघून गेला. वर बघितलं तर तो अजून तसाच उभा होता, कान घट्ट धरून, माझ्या तोंडाकडे बघत.

"सोड आता," हे मला म्हणायचं होतं. मी वयाच्या रकान्यातला चौदाचा आकडा पुन्हा गिरवत राहिलो.