शेठला दिलेली आई

स्वतःची आई दुसऱ्याच्या नावावर करून देणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय, तो माझ्या मावशीचा नवरा आहे. नाशकातल्या निम्म्या कारखानदारांचं खडतर बालपण आमच्या काकांनी गंगापूर रोडवरच्या फ्लॅटात बसून एकट्यानं काढलं आहे. शेठनं चार तास बोलायचं, काकांनी चार महिने आत्मचरित्र लिहायचं आणि प्रकाशनाला शेवटच्या रांगेतून सगळ्यात आधी टाळी वाजवायची. मुखपृष्ठावर नाव आणि फोटो शेठचा. ज्याचं पुस्तक चालू असेल, तो काकांच्या अंगात यायचा. पंपवाल्या शेठच्या वेळी ते मावशीला म्हणाले, "टीम, आमटीत सुधारणेला वाव आहे."

"टीम सकाळपासून धुणं धुतेय. वाव असेल तर भांडी घासा."

मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली. मला हे कसं पटावं? "काका, ही वाचकांची फसवणूक आहे!"

"अगं, नवरदेव घोड्यावरून येतो, तो घोडा काय त्याचा असतो?"

"घोडा ठीक. पण आठवणी?"

"त्यांच्याकडे नसतात गं, बिचाऱ्यांकडे. माझ्यातल्या देतो."

असं देता देता पाइपवाल्या शेठची पाळी येईपर्यंत काकांकडे एकच आठवण उरली. काकांच्या आई फुलं विकायच्या. पुड्या बांधायला काकांच्या शाळेच्या जुन्या वह्या फाडायच्या, पण लाल शाईचं पान दिसलं की पत्र्याच्या पेटीत जपून ठेवायच्या. वाचता येत नव्हतं. लाल म्हणजे मास्तरांनी केलेलं कौतुक, अशी त्यांची समजूत. पेटीत भोपळेच जास्त निघाले. शेठ म्हणाले, "आमच्या मम्मीला जरा गरीब करा ना." काकांनी ती पेटी मम्मीला देऊन टाकली.

गेल्या वर्षी काकांच्या आई गेल्या. शोकसभेत काका पेटीबद्दल बोलू लागले, तोच एक शेजारी म्हणाले, "अहो, हे पाइपवाल्या शेठच्या पुस्तकातलं आहे. स्वतःच्या आईचं काहीतरी सांगा की!" दोघे-तिघे हसले. मी ओरडायला उठले. काकांनी डोळ्यांनीच मला बसवलं. "हो, तिथलंच," म्हणाले आणि स्वतःही बसले. गुपित राखायचा शेठला दिलेला शब्द त्यांनी तिथेही मोडला नाही. ज्यांना मी इतकी वर्षं बेइमान म्हणत आले, ते हेच.

त्यानंतर काका आईबद्दल घरातही बोलत नाहीत. शेठचं नाव मीही सांगणार नाही. पण ते पुस्तक दिवाळीत मिठाईच्या डब्यासोबत फुकट वाटलं होतं, तुमच्याकडे असेलच. पेटीची गोष्ट शोधा आणि समासात पेननं एवढंच लिहा: ही चंद्रभागाबाईंची गोष्ट आहे, त्या फुलं विकायच्या.