बोअरमधली हिरवी माती

हिवरखेडच्या खालच्या अंगाला एका काकूंचं वावर होतं. नवरा वारल्यावर त्यांनी ते एकटीनं कसलं होतं आणि गावात सहसा कुणी त्यांच्या तोंडी लागत नसे. त्यांचा दीर अमरावतीला माझ्याच कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला. वहिनी बोअर मारणार आहे हे त्यानंच मला सांगितलं, आणि तिथं माझ्या नव्या पद्धतीची चाचणी घ्यायची परवानगीही त्यानंच मिळवून दिली. "वहिनी जराशी तापट आहे," एवढंच तो म्हणाला होता. मी पोचले तेव्हा काकू लिंबाखाली बसल्या होत्या. त्यांनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही.

मी भूगर्भशास्त्र शिकवते. बोअर मारताना चिखलपाणी पंपानं पाइपांतून खाली सोडतात. ते तळाशी बाहेर पडतं आणि कापलेला चुरा घेऊन भोकाच्या कडेनं वर येतं. वर यायला वेळ लागतो. वाटेत भिंतीची वाळूही ढासळून त्यात मिसळते, त्यामुळे हातात आलेला चुरा नेमका कुठला हे सांगणं अवघड होतं. माझ्याकडे दुधासारख्या द्रवाच्या बाटल्या होत्या. त्यात डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक कण होते. ते चिखलपाण्यात सोडले की तळाशी ताज्या कापलेल्या तुकड्यांना चिकटतात, आणि जांभळ्या दिव्याखाली तो तुकडा हिरवा चमकतो. चमकला तर तळाचा. नाही चमकला तर बहुतेक वरून पडलेला.

रिगवाला अकोल्याचा होता, याच भागात बोअर मारत म्हातारा झालेला. तो म्हणाला, "मॅडम, तुमी तुमचा दिवा लावा. फक्त माह्या मशीनच्या आड येऊ नका."

दुपारनंतर चाळणीत वाळू यायला लागली. वाळू म्हणजे पाणी. त्यानं मूठभर वाळू काकूंच्या हातावर ठेवली. "लागली ना, बाई? पाणी आत घ्याले इथंच जाळीचा पाइप बसवतो."

ट्रॉलीवर ताडपत्री टाकून मी आत अंधार केला होता. तिथं तो चुरा धुऊन दिव्याखाली धरला. वाळू काळीच राहिली. तिच्यातले पिवळ्या मातीचे थोडे खडे मात्र हिरवे चमकले. मी बाहेर येऊन सांगितलं, "ही वाळू वरच्या थरातली आहे, ढासळून आलेली. तळाशी चिकणमाती आहे. जाळी वर बसवा. इथं खाली खारं पाणी लागायची भीती आहे."

"वाळू डोळ्यानं दिसून राहिली," रिगवाला म्हणाला, "मंग दिवा कायले पाह्यचा?"

मी त्याला आत येऊन बघायला सांगितलं. तो आला नाही. काकू आल्या. ताडपत्रीखाली वाकून त्यांनी ते हिरवे खडे बघितले आणि झटकन मागे सरल्या.

"हे काय टाकलं वो तू माह्या जमिनीत?"

"काही अपाय नाही त्याचा, काकू. बोअर धुतली की निघून जाईल."

"अपाय नाई ना? मंग पिऊन दाखव."

बादलीत रिगचं चिखलपाणी होतं, वर डिझेलचा तवंग. मी म्हणाले, "हे पाणी कुणीच पीत नाही. त्यात मशीनचं तेल आहे."

"म्हंजे पेत नाई तू," त्या शांतपणे म्हणाल्या. "समजलं मले."

रिगवाला हसला. माझ्या संशोधनाला मार्गदर्शन करणाऱ्या सरांना मी फोन लावला. ते म्हणाले, वावर त्यांचं आहे, ठरवायचं त्यांनी, तू सामान आवर. पाइप रिगवाल्याच्या मनासारखा खाली बसला. मी बाटल्या आणि दिवा घेऊन परतले.

पाणी लागलं ते खारं. काकूंचा फोन आला, तो पाणी कसं आहे हे सांगायला नव्हता. "तुह्या औषधानं पाणी नासलं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. गावभर तेच सांगितलं. त्या बाजूला आणखी दोघांनी मला वावर द्यायचं कबूल केलं होतं, त्यांनी नकार कळवला. कॉलेजात काकूंचा दीर मला बघून वाट बदलू लागला.

मी पुन्हा गेले, दिवा घेऊन. काचेच्या ग्लासात त्यांच्याच बोअरचं पाणी घेतलं आणि खोलीची दारं लावून दिव्याखाली धरलं. काही चमकलं नाही.

"बघा. माझं काही उरलेलं नाही यात."

"दिसून नाई राहिलं म्हणून नाई हाय असं काय? मीठबी दिसत नाई पाण्यात."

माझा तोल गेला. "मीठ जमिनीतलं आहे. मी तोंडानं सांगितलं होतं, जाळी वर बसवा म्हणून. तुम्ही ऐकलं नाही."

"माह्या घरात उभी राहून मले शिकवते? निघ."

मी निघाले. ग्लास त्यांनी माझ्यादेखत अंगणात ओतून दिला.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी दुसरी बोअर मारली, दुसऱ्या रिगवाल्याकडून. जाळी वरच्या वाळूसमोर बसवली आणि पाणी गोड लागलं. हे दिरानं मला जिन्यात, माझ्याकडे न बघता सांगितलं. नंतर एकदा अकोटच्या स्टँडवर काकू दिसल्या. मी होऊन जवळ गेले.

"पाणी गोड लागलं म्हणे."

"लागलं."

"वरच्या वाळूत?"

"मीच सांगतलं त्याले, वर बसव म्हणून. तुह्या दिव्यानं नाई सांगतलं. माह्या वावराचं मले समजते."

"मग माझ्या औषधानं पाणी नासलं असं गावात बोललात, ते खोटं होतं एवढं तरी सांगा."

"ते काहून सांगू?" त्यांनी पिशवी उचलली. गाडी लागली होती. त्या चढल्या आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसल्या.

त्या बाजूला अजून कुणी मला बाटली उघडू देत नाही. मी आता चांदूर बाजारकडे काम करते. तिथं चाचण्या नीट चालल्या आहेत, चुरा चमकतो, रिगवालेही बघायला येतात. काकूंवरचा माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असंही मला वाटत नाही.