कवळीवाल्याचं इंजिन

दात्याचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं आहे. तो कवळ्या बनवतो. डॉक्टर तोंडाचा साचा घेतात आणि याच्याकडे पाठवतात. पुढचं सगळं दात्याच्या टेबलावर. गुलाबी मेण, प्लास्टर, दातांची पाकिटं आणि बोटांत धरायचं एक छोटं ग्राइंडर. त्याची कवळी बसते म्हणजे बसते. एका आजोबांनी ती घालून शेजाऱ्याशी असं कडाक्याचं भांडण केलं, की शेजारी घर बदलून गेला; कवळी जागची हलली नाही. हे प्रशस्तिपत्रक दात्या स्वतःच सगळ्यांना ऐकवतो.

त्याच खोलीत दुसरं टेबल होतं. त्यावर ताईचं इंजिन होतं. सुटं.

ताई म्हणजे दात्याची थोरली बहीण. शाळेत पी.टी. शिकवते, घरातही आवाज मैदानाचाच लावते. लग्नाआधी ती चिखलातल्या शर्यतींत टू-स्ट्रोक डर्ट बाइक पळवायची. उंच, हलकी, चिडखोर गाडी. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून पाजायचं, मग ती निळा धूर मागच्यांच्या तोंडावर सोडून निघून जाणार. ताईने तिच्यावर दोन कप मिळवले आणि एक दात घालवला. दात दात्याने बसवला. मग त्याला इंजिनातही काहीतरी खटकलं. "फक्त बघतो," म्हणून त्याने ते उघडलं. बघून होईतो ताईचा मुलगा कॉलेजात गेला.

इंजिनाविना गाडी ताईच्या जिन्याखाली चादर पांघरून उभी होती. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, रोज तिच्या हँडलला कोपर आपटून वर जात. कोपऱ्यावर कॅफे काढणाऱ्या एका तरुणाने ती पाहिली आणि तो हरखलाच.

"काका, ही मला द्या. भिंतीवर लावतो. वरून छोटासा लाइट सोडतो."

दाजी लगेच हो म्हणाले. ताई लगेच नाही म्हणाली. वाटाघाटी जेवणाच्या टेबलावर झाल्या.

"महिनाअखेर जुन्या गाड्यांची शर्यत आहे," ताई म्हणाली. "हिने एक फेरी पूर्ण केली, तर ही इथेच राहील."

"नाही केली तर?"

"तर भिंतीवर. खिळा मी ठोकेन."

"एकच फेरी? कपबिप नको?"

"इंजिन दात्याकडे आहे हो. मी अपेक्षा माफक ठेवल्यात."

दात्या भात कालवत होता. त्याने मान वर केली नाही, पण त्याच भातावर पुन्हा आमटी ओतली.

दुसऱ्या दिवसापासून कवळ्या रांगेत थांबल्या. दात्याने सिलिंडरच्या खिडक्यांत, जिथून धूर बाहेर जातो तिथे, मेण दाबून साचे घेतले. खिडक्यांच्या कडा दातांच्या ग्राइंडरने अशा गुळगुळीत केल्या, की डॉक्टरांनी पाहिल्या असत्या तर बिल वाढवलं असतं. मग नवा, मोठा पिस्टन आणि सिलिंडर घेऊन तो बोअरिंगवाल्याकडे, म्हणजे सिलिंडर आतून कापून मापात आणणाऱ्याकडे, गेला.

बोअरिंगवाल्याने सिलिंडरच्या आत बोट फिरवलं. "हे शेवटचं माप. यापुढे कापायला लोखंडच नाही. पिस्टनभोवती फट ठेवून कापतो."

"केवढी?"

"पातळ कागदाएवढी."

दात्याचा चेहरा पडला. "कागदाएवढी? अहो, त्यात तीळ अडकेल!"

"तीळ कोण खातंय इथे?"

"निम्मी करा."

"भाऊ, तापला की पिस्टन फुगतो."

"माझी गिऱ्हाइकंही तापतात. कवळी पडत नाही."

बोअरिंगवाल्याने हात टेकले आणि निम्मी केली.

पिस्टन आत असा सरकला, की हवेलाही परवानगी मागावी लागली असती. दात्या तो वरखाली करून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत राहिला. इंजिन गाडीवर चढलं. चाचणी शाळेच्या मैदानात झाली. ताईने किक मारली, गाडी खोकली, ओरडली, आणि निळा धूर उडाला. दाजींनी रुमाल नाकाला लावला आणि भिंत हातची गेली असं मनाशी ठरवलं.

ताईने एक चक्कर हळू मारली. दुसरी जोरात. तिसऱ्या चकरेत मागचं चाक एकदम जाम झालं. गाडी थांबली. ताई थांबली नाही. ती लांब उडीच्या वाळूत जाऊन बसली.

"काय झालं?" तिने तिथूनच विचारलं.

"अडकलं."

"घट्ट बसवलंस ना?"

"उत्तम बसवलं होतं."

"दात्या, ते तोंड नाहीये! सेकंदाला शंभरदा वरखाली होतं ते. कुठलं गिऱ्हाईक इतकं चावतं?"

दात्याला दोन-तीन गिऱ्हाइकं आठवली.

इंजिन पुन्हा उघडलं. पिस्टनचा एक गाल ओरबाडला होता आणि त्याचं ॲल्युमिनियम सिलिंडरला माखलं होतं. सिलिंडर बचावला होता. माखलेलं काढलं की आतून धड होता. या मापाचा दुसरा पिस्टन मात्र शर्यतीआधी मिळणार नव्हता. आहे तोच हाताने घासून बारीक करायचा होता. जन्मभर फटी बुजवणाऱ्या माणसाला स्वतःच्या हाताने फट पाडायची होती.

बोअरिंगवाला चहाचा कप घेऊन समोर बसला. दात्याने कवळी कुठे टोचते ते बघायचा निळा कागद काढला, पिस्टनला लावला, पिस्टन आत सरकवला, बाहेर काढला. निळा डाग जिथे पुसला गेला, तिथे पॉलिश पेपरने घासलं.

"अजून," बोअरिंगवाला म्हणाला.

"अजून?"

"अजून."

दात्या घासत होता आणि तोंड असं करत होता, जणू भूल न देता त्याचीच दाढ काढत आहेत. शेवटी पिस्टन आत घालून त्याने सिलिंडर कानाशी हलवला. टिक, टिक.

"वाजतंय हो."

"वाजू दे. तापलं की गप्प बसेल."

"आणि नाही बसलं तर?"

"तर भिंतीवर गप्प बसेल."

शर्यतीच्या मैदानात म्हाताऱ्या गाड्या आणि गुडघ्यांना पट्टे बांधलेले स्वार जमले होते. कॅफेवालाही आला होता. त्याच्या खिशातून मोजपट्टी डोकावत होती. झेंडा पडला, ताई चिखल उडवत निघाली आणि दात्याने डोळे मिटले. त्याला दिसायचं नव्हतं, ऐकायचं होतं. टेकडीमागून आवाज येत राहिला. चढावर जाडा झाला, उतारावर पातळ झाला, पण तुटला नाही.

"आली!" दाजी ओरडले, ते कुणाच्या बाजूने आहेत याचा त्यांना क्षणभर विसर पडला.

शेवटच्या वळणावर पुढचा गडी घसरला. त्याला चुकवायला ताईने हँडल फिरवलं आणि गाडीसकट चिखलात आडवी झाली. इंजिन बंद पडलं. समोर शेवटची रेषा. बसच्या लांबीएवढं अंतर. लाल झेंडेवाला शर्यत संपवायला निघालाच होता. गाडी ढकलून नेलेली चालत नव्हती, ती इंजिनानेच यायला हवी होती. ताई उठली, गाडी उभी केली आणि किका मारत सुटली. मारून मारून पाय भरला. शेवटची किक अर्धीच बसली, आणि तिलाच इंजिन सुरू झालं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी मागे गेली.

टाळ्या थांबल्या.

"दात्या! ही मागे का जातेय?"

"उलटं फिरतंय इंजिन!" दात्या प्रेक्षकांच्या दोरीमागून ओरडला. "जुन्या टू-स्ट्रोकला होतं असं, किक अर्धी बसली की! बंद कर, परत मार!"

"मारायला पाय कुठे उरलाय?"

ताईने रेषेकडे पाहिलं. लाल झेंड्याकडे पाहिलं. मग गाडी न्यूट्रलला घेतली, इंजिन चालू ठेवून ती जागच्या जागी फिरवली, रेषेकडे पाठ केली आणि पुन्हा पहिला गिअर टाकला. दोन्ही पाय जमिनीवर, मान मागे वळवलेली, अशी ती हळूहळू निघाली. आधी मागचं चाक रेषेपलीकडे गेलं, मग पुढचं. इंजिन निवांत धूर सोडत होतं.

पंचांनी शिट्टी तोंडातून काढली. परत घातली. परत काढली.

"हे धरायचं नाही ना?" कॅफेवाल्याने विचारलं.

"गाडी फेरीच्या दिशेनेच आली?" पंचांनी झेंडेवाल्याला विचारलं.

"आली. पाठमोरी आली."

"इंजिनावर?"

"इंजिनावर."

"तोंड कुठे असावं, हे आम्ही कधी ठरवलंच नाही," पंच म्हणाले. "विषयच निघाला नव्हता. फेरी पूर्ण."

दाजींनी कॅफेवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "घड्याळ लाव," ते म्हणाले. "भिंतीवर घड्याळ बरं दिसतं."

दात्या दोरीखालून पळत आला आणि थेट इंजिनापाशी बसला.

"अडकलं नाही," तो म्हणाला.

"मी पडले. सगळ्यांत शेवटी आले. उलटी आले."

"हो. पण अडकलं नाही."

ताईने हेल्मेट काढून त्याच्या हातात दिलं. "पुढच्या वर्षी तोंड पुढे करून येऊ," ती म्हणाली. "चल, धर मागून. टेम्पोत चढवायचीय."